मदत हवी आहे : चढावर इंजिन मिसिंग करते, इंजिन उतरवण्यापूर्वी कोणत्या चाचण्या कराव्यात?

नमस्कार. आमच्याकडे २००३ साली नोंदवलेली, अकराशे सीसी, चार सिलिंडरची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. वडिलांनी ती निवृत्तीच्या वेळी घेतली होती. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये आम्ही तिच्या नोंदणीचे नूतनीकरण केले आहे, त्यामुळे कागदोपत्री ती २०२८ पर्यंत रस्त्यावर राहू शकते. वडिलांना आठवड्यातून दोन वेळा मुलुंडहून शीवपर्यंत फिजिओथेरपीसाठी न्यावे लागते आणि त्यांना याच गाडीत चढणे-उतरणे सोयीचे जाते. म्हणून ती विकण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो घरात पुरेसा मिळालेला आहे.

तक्रार जुलैपासून आहे. सुरुवातीला केवळ जोरदार पावसानंतर, सकाळी गाडी सुरू केल्यावर, पहिली दोन-तीन मिनिटे इंजिन थरथरत असे आणि नंतर सुरळीत होई. ऑगस्टमध्ये पूर्व द्रुतगती मार्गावरील उड्डाणपुलांच्या चढावर, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की झटके बसू लागले आणि पिकअप एकदम पडू लागला. आता सिग्नलला उभे असतानाही स्टिअरिंग हलते, सायलेन्सरमधून ‘फट्... फट्’ असा तुटक आवाज येतो आणि मागे कच्च्या पेट्रोलचा वास जाणवतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना मात्र फारसे काही कळत नाही. गाडीला २००८ साली मिक्सर पद्धतीचे सीएनजी किट बसवलेले आहे. सीएनजीवर हाच त्रास अधिक तीव्र होतो आणि पेट्रोलवर थोडा कमी, पण दोन्हींवर होतो.

आमच्या भागातील मेकॅनिकने प्रथम चारही प्लग बदलले, मग एअर फिल्टर बदलला, मग इंजेक्टर साफ केले आणि थ्रॉटल बॉडी धुतली. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. शेवटी त्यांनी इंजिन सुरू असताना एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिन आणखी डगमगले. तिसऱ्याची काढल्यावर काहीही फरक पडला नाही. यावरून त्यांनी ‘तिसरा सिलिंडर मेला आहे, इंजिन उतरवून हेडचे (सिलिंडरवरील झाकणासारख्या वरच्या भागाचे) काम करावे लागेल’ असा निष्कर्ष काढला आणि चाळीस हजारांचा अंदाज दिला. कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजले का, असे मी विचारले, तेव्हा गेज सध्या गॅरेजमध्ये नाही असे उत्तर मिळाले. मोजमाप न करता हेड उघडण्यास माझे मन तयार होत नाही.

आणखी दोन गोष्टी नोंदवतो, कारण त्यांचा उपयोग होईल असे वाटते. गाडीला आजच्या गाड्यांसारखी ओबीडी-२ ची जोडणी नाही, त्यामुळे स्कॅनर लावून ‘पी०३०३’ असा तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड वाचण्याची सोय नाही. दुसरे म्हणजे, नुकत्याच पेट्रोलवर काढलेल्या पीयूसीच्या कागदावर हायड्रोकार्बनचा आकडा ६९० पीपीएम आला आहे. गेल्या वर्षी तो १८० होता. या गाडीसाठी मर्यादा ७५० असल्याने प्रमाणपत्र मिळाले. कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळजवळ गेल्या वर्षीइतकाच आहे. गाडी इमारतीच्या आवारात गुलमोहराखाली उभी असते. प्लगच्या वायरी शेवटच्या २०१४ मध्ये बदलल्या होत्या.

माझा प्रश्न असा आहे की इंजिनाला हात लावण्यापूर्वी, घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये करता येतील अशा कोणत्या चाचण्या, कोणत्या क्रमाने कराव्यात, म्हणजे दोष ठिणगीचा आहे, इंधनाचा आहे की कम्प्रेशनचा, हे निश्चित होईल?

प्रतिसाद

आपण दिलेल्या माहितीतच बरेचसे उत्तर आहे. मी लालबागला तीस वर्षे गॅरेज चालवले आहे आणि अशा गाड्या पुष्कळ हाताळल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पीयूसीचा कागद जपून ठेवा. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले असते, तर कार्बन मोनॉक्साइड वाढला असता. तो जागच्या जागी असून केवळ हायड्रोकार्बन वाढतो, तेव्हा एखाद्या सिलिंडरमधील इंधन न जळताच बाहेर पडत असते. ते न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो तापून निकामी होतो, म्हणून निदान होईपर्यंत गाडी लांब पल्ल्यावर नेऊ नये.

इंधनाची शंका आपण आताच बाजूला ठेवू शकता. मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये सीएनजी थ्रॉटलच्या आधीच हवेत मिसळतो आणि चारही सिलिंडरना तेच मिश्रण मिळते. त्या वेळी पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात. तिसरा सिलिंडर सीएनजीवरही मिसिंग करत असेल, तर त्याच्या इंजेक्टरला दोष देता येत नाही. सीएनजीवर त्रास वाढतो यालाही अर्थ आहे. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते आणि चढावर सिलिंडरमधील दाब वाढल्यावर ते आणखी लागते. इन्सुलेशन कुठे कच्चे असेल, तर वीज प्लगच्या टोकाकडे जाण्याऐवजी त्या कच्च्या जागेतून बाहेर पडते. पावसाळ्यात सुरुवात होणे, चढावर वाढणे आणि सीएनजीवर अधिक होणे, या तिन्ही खुणा माझ्या अनुभवात ठिणगीकडे बोट दाखवतात.

या काळातील बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत दोन कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारे भाग) असतात. एक पहिल्या आणि चौथ्यासाठी, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी. आपल्या गाडीतही तसेच असेल, तर कॉईल गेल्यावर दुसरा आणि तिसरा असे दोन्ही सिलिंडर लंगडले असते. आपला दुसरा ठणठणीत आहे. तिसऱ्याची वायर आतून पूर्ण तुटली असती, तरी दुसऱ्यावर परिणाम दिसला असता, कारण दोन्ही प्लग एकाच मंडलात आहेत. पण तिसऱ्याची वीज वाटेतच हेडला लागून गळत असेल, तर मंडल पूर्ण होत राहते, दुसरा व्यवस्थित जळतो आणि तिसरा मात्र कोरा राहतो. म्हणून पहिला संशय तिसऱ्या वायरीचे टोक, त्यावरील रबरी टोपी आणि प्लगची पांढरी चिनीमाती यांच्यावर घ्यावा. चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का, ते भिंगातून पाहा. अशी रेघ एकदा पडली की वीज त्याच वाटेने जाते. जुन्या टोपीतील रेघेची खूण नव्या प्लगवरही उमटते, त्यामुळे प्लग बदलल्यावर दोन दिवस बरे वाटून पुन्हा त्रास सुरू होणे हे तर अगदी ओळखीचे लक्षण आहे.

रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन सुरू ठेवून, वायरींवर फवारणीच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. हात, कपडे आणि केस पट्ट्यांपासून व पंख्यापासून दूर ठेवा आणि वायरींना स्पर्श करू नका. गळती असेल तर निळसर ठिणगी डोळ्यांना दिसेल. त्यानंतर इंजिन बंद करून, त्याच कॉईलवरील दुसऱ्या आणि तिसऱ्या वायरींची अदलाबदल करा. दोन्हींना एकाच वेळी ठिणगी मिळत असल्याने यात काही बिघडत नाही. मिसिंग दुसऱ्याकडे सरकले, तर दोष वायरीत आहे. सिलिंडर बंद करून पाहायचा असेल, तर पेट्रोलवर इंजेक्टरचा सॉकेट काढा. चालू इंजिनावर प्लगची वायर उपटण्याची पद्धत मला मान्य नाही. त्याने कॉईल आणि कंट्रोल युनिट दोन्ही जाऊ शकतात आणि माणसाला झटका बसतो तो वेगळा.

एवढे करूनही कम्प्रेशन मोजावेच, कारण बरीच वर्षे सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात आणि टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतील फट) कमी होत जाते. इंजिन गरम हवे, चारही प्लग काढलेले हवेत, कॉईल आणि इंजेक्टर यांची जोडणी सोडलेली हवी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत फरक असेल, तर केवळ त्या कारणासाठी हेड उघडू नये.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेल्या क्रमानेच सर्व केले आणि जे आढळले ते येथे लिहितो.

कॉईल दोनच आहेत. तिसऱ्या प्लगची टोपी काढली, तेव्हा तिच्या खालच्या खळग्यात ऑइल आणि गंजाळ पाणी साचलेले होते. ऑइल व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून आले होते. पाण्याचा उगम शोधायला अर्धा तास लागला. वायपरखालील जाळीत गुलमोहराची बारीक पाने कुजून पाणी जाण्याचे भोक बंद झाले होते आणि पावसाचे पाणी तेथून ओघळून नेमके इंजिनावर पडत होते. दोन महिन्यांपूर्वी बसवलेल्या प्लगच्या चिनीमातीवर काळी रेघ स्पष्ट दिसली. रात्री फवारा मारल्यावर टोपीच्या तळापासून हेडकडे उडणारी ठिणगी वडिलांनीही पाहिली. वायरींची अदलाबदल केल्यावर दुसरा सिलिंडर मिसिंग करू लागला आणि तिसरा सुधारला, परंतु पूर्णपणे नाही. प्लगवरील रेघ पाहता ते समजण्यासारखे होते.

चारही वायरी, दुसरा आणि तिसरा प्लग, तसेच व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग बदलले आणि जाळी साफ केली. त्यानंतर दुसऱ्या गॅरेजमधून गेज आणून कम्प्रेशन मोजले : १७५, १७२, १५८ आणि १७४ पीएसआय. तिसऱ्यात ऑइल घालून आकडा हलला नाही. टॅपेट तपासल्यावर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे अंतर खरोखरच कमी निघाले आणि ते कंपनीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे करून घेतले.

काल भर पावसात, सीएनजीवर, शीवपर्यंत जाऊन आलो. एकाही पुलावर झटका बसला नाही. आज पेट्रोलवर पुन्हा काढलेल्या पीयूसीत हायड्रोकार्बन २१० पीपीएम आहे. आता एवढेच विचारायचे आहे की गाडी मुख्यतः सीएनजीवरच चालणार असल्याने टॅपेटचे अंतर किती किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे, आणि तिसऱ्याचे कम्प्रेशन १५८ वरून कितीपर्यंत उतरले म्हणजे व्हॉल्व्हचे काम खरोखर हाती घ्यावे?