स्पॅगेटीच्या पुलाची वरची काडीच का मोडते?

प्रश्न: कोरड्या स्पॅगेटीच्या त्रिकोणी चौकटींचा पूल केला; परंतु मधोमध वजन टांगताच वरची आडवी काडी वाकून ताडकन मोडली, खालच्या मात्र शाबूत राहिल्या. असे का व्हावे?

उत्तर १: खालच्या काड्यांवर ताण येतो, वरच्यांवर दाब. दाबाखाली लांब काडी चिरडण्याआधीच वाकते. लांबी निम्मी केल्यास ती वाकण्यापूर्वी सुमारे ४ पट भार पेलते, म्हणून वरचे सांधे जवळ घ्यावेत आणि तेथे काड्यांची जुडी वापरावी.

उत्तर २: जुडी मध्येही चिकटवावी, अन्यथा प्रत्येक काडी स्वतंत्रपणे वाकते. गोंद कोणता होता? पाणीदार गोंदाने काडी मऊ पडते. मी इपॉक्सी लावून रात्रभर हात लावत नाही.

प्रश्नकर्ता: पाणीदारच होता. सांध्याजवळ काडी नखाने दबत होती, हे आता आठवले.