होंड्यातल्या रोहूला मातीचा वास येऊलाय, आई खाईना झालीय

ओढ्याकाठचा (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्यापासून आत. दोन एकर भात, वरच्या माळाला रताळी आणि घरामागं आईचं परडं. दोन वर्षांमागं शेताच्या खालच्या अंगाला तीन गुंठ्याचा होंडा काढला, म्हणजे शेततळं, इथं सगळे कृषी होंडाच म्हणतात. पाणी परड्याला आणि उन्हाळी मिरचीला होईल म्हणून काढला खरा पण माझ्या मनात दुसरंच होतं. आईचं माहेर कणकुंबीच्या अंगाला, मलप्रभा उगवते तिथलं. मिरगाचा पहिला पूर आला की ओढ्यात चढणीचे मळये, खवळे, झिंगे बुट्टीनं धरून आणायचे आणि आठ आठ दिवस घरात दुसरं कालवण नसायचं, हे ती अजून सांगते. आता आमच्या ओढ्यात बोटभर मासा दिसंना. बाजारातला बांगडा आणला तर तिला तो बर्फाचा लागतो. म्हणून म्हटलं आपणच होंड्यात मासे सोडूया, आईला घरचा मासा खायला मिळंल.

गेल्या श्रावणात सहाशे पिल्लं सोडली, रोहू कटला मृगळ मिसळून. रोज भाताचा कोंडा, शेंगाची पेंड, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून दर आठवड्याला दोन पाट्या शेण. आता मे संपत आला, पाणी कमरेएवढं राहिलंय आणि पार हिरवंगार झालंय. परवा जाळं मारलं, पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंतचे मासे मिळाले. आईनं नेहमीसारखं खोबरं वाटून कालवण केलं, एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. म्हणाली, "हा मासा नव्हे बाळा, चिखल खाल्ल्यासारखं लागूलंय." मी खाऊन बघितलं तर खरंच तसं. हळद मीठ लावून अर्धा तास ठेवलेलं, तीन पाण्यानं धुतलेलं, तरी वास गेला नाही.

रविवारी बहीण पोरांना घेऊन येऊलीय आणि पोरांना मामाच्या होंड्यातलाच मासा पाहिजे. तर विचारूलोय की हा वास कशानं येतो, शिजवताना घालवता येतो का, का सगळे मासे वायाच गेले म्हणायचे? आणि ते हिरवं पाणी परड्यातल्या मिरचीच्या रोपांना घातलं तर चालंल का?

मलप्रभाकाठ

दादा, मासे वाया गेले नाहीत, काळजी सोडा. दहा वर्षं मी हेच करूलोय आणि पहिली दोन वर्षं माझंही असंच झालेलं.

पहिलं वासाचं. वळवाचा पाऊस पडल्यावर मातीचा जो वास येतो ना, तोच वास हा. त्याला जिओस्मिन म्हणतात, तळाच्या चिखलातले जिवाणू आणि पाण्यातलं निळं हिरवं शेवाळ तो तयार करतात आणि माशाच्या कल्ल्यांतून, कातड्यातून, खाण्यातून तो अंगात जाऊन चरबीत बसतो. म्हणून वरून कितीही धुवा, जात नाही, कारण तो वर नाहीच, आत आहे. आणि नुसत्या उकळण्यानंही जात नाही. आईंचा हात चुकला असं अजिबात नाही हे त्यांना पहिलं सांगा.

आता रविवारसाठी. आज बुधवार. आजच जाळं मारून आठ दहा मासे जिवंत काढा आणि पाचशे लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत विहिरीच्या स्वच्छ पाण्यात सोडा. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोरीननं मासा मरतो. नवीन सिमेंटची टाकी पण नको. सकाळ संध्याकाळ निम्मं पाणी बदलायचं, वरून धार पडत राहिली तर फारच चांगलं, आणि खायला काही म्हणजे काहीच द्यायचं नाही. वर जाळी बांधा, कटला उडी मारतो. चार दिवसात वास बराच उतरतो, आठ दहा दिवस ठेवलं तर ओळखू पण येणार नाही. खरं सांगायचं तर अर्धं काम इथंच होतं, मसाल्यात नव्हे.

दुसरं, मूळ चूक शेणाची आणि संख्येची. एकराला दोन हजाराच्या आसपास पिल्लं धरतात, म्हणजे गुंठ्याला पन्नास. तुमच्या तीन गुंठ्याला दीडशे पुरेत, तुम्ही चौपट सोडलीत. मग खाणं जास्त, घाण जास्त, त्यावर दर आठवड्याला शेण, पाणी हिरवं होणार नाही तर काय होणार. मासा पण त्यामुळंच वाढला नाही, नाहीतर दहा महिन्यात पाऊण एक किलोचा व्हायला पाहिजे होता. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर आजपासून शेण, कोंडा दोन्ही बंद करा, ती हवा कमी पडल्याची खूण आहे. रात्री शेवाळ पण हवा ओढतं आणि उजाडायच्या आधी सगळ्यात कमी उरते. एका ढगाळ रात्रीत सगळे मासे पालथे पडलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत.

हिडकलची_अक्का

बाळा, आम्ही हिडकल धरणाच्या फुगवट्याकाठचे, घटप्रभेचं पाणी आणि धरणाचा मासा यावरच वाढलो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आमच्याकडं पण मासा मातकट लागतो, त्यामुळं हे आम्हाला नवीन नाही. वरच्या भाऊंनी टाकीचं सांगितलं ते अगदी बरोबर, ते करच. आता चुलीपुढचं मी सांगते.

मासा कापताना पोटाच्या आतून काळा पातळ पापुद्रा असतो तो नखानं खरवडून पूर्ण काढायचा. पाठीच्या काट्याला चिकटलेलं काळं रक्त अंगठ्यानं दाबून काढायचं. दोन्ही कुशीवर मधोमध तांबूस काळ्या मांसाची पट्टी असते आणि पोटाशी चरबी असते, वास तिथं जास्त बसतो, या वर्षी ते सगळं कापून टाक. कल्ले तर ठेवायचेच नाहीत. मृगळ असेल तर कातडं पण सोल, तो तळातलं खाणारा मासा. कटला वरचं खातो, रोहू मधलं. म्हणून रविवारी पोरांसाठी कटलाच घे, काटे पण मोठे असतात, मुलांना सोपं पडतं.

मग आंबट. हीच खरी गोष्ट आहे, हा वास आंबटानं मोडतो. आमच्या सासूबाई दोन दिवसाचं आंबट ताक घ्यायच्या, तुकडे त्यात अर्धा तास बुडवून ठेवायच्या, ते ताक टाकून द्यायचं आणि मग धुवून हळद मीठ. ताक नसंल तर चिंचेचा घट्ट कोळ चोळ. आत्ता मे महिना आहे, परड्यात आंबा असंल तर कच्ची कैरी किसून चोळली तरी चालतं, उलट जास्त चांगलं. हळद मिठानं वरचा बुळबुळीतपणा जातो, आतला वास जात नाही, तुझं तिथंच राहिलं.

आणि नारळाचं कालवण पहिल्या वेळी करू नको रे. खोबऱ्याच्या गोडव्यात मातीचा वास उठून दिसतो. त्यापेक्षा तिखट आंबट पातळ कर. दहा बारा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवायच्या, रंगाला त्या आणि तिखटाला दोन संकेश्वरी, मूठभर लसूण, चमचाभर धने, जिरं थोडंसं, आल्याचा तुकडा, हे बारीक वाटायचं. तेलात मेथीचे पाच सहाच दाणे आणि कढीपत्ता, वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, घाई करायची नाही. मग चिंचेचा कोळ, पाणी, मीठ, चांगली खळखळून उकळी आली की तिरफळं पाच सहा ठेचून टाकायची, तुमच्या जंगलाच्या अंगाला ती मिळतातच, वाळवलेली चालतात. सगळ्यात शेवटी मासे. मासा पडल्यावर डाव घालायचा नाही, भांडं धरून हलवायचं. दहा मिनिटात उतरवायचं आणि निदान दोन तास तसंच ठेवायचं. सकाळी करून दुपारी वाढ, आंबट आत मुरलं पाहिजे.

रोहू तळणार असशील तर तुकड्याला आडव्या बारीक चिरा दे, अगदी जवळ जवळ, काट्यापर्यंत. त्याचे बारीक दुफाट्याचे काटे त्यानं तुटतात आणि कडकडीत तळले की पोरांच्या घशात अडकत नाहीत. तांदळाचं पीठ आणि रवा निम्मं निम्मं.

यळ्ळूरचा_भातवाला

अक्का, कातडं सोलायचं मात्र मला पटत नाही. तळलेल्या माशात कातड्यालाच तर चव. टाकीत आठवडाभर ठेवलेल्या माशाचं कातडं काढायची गरज पडत नाही असा माझा अनुभव.

दादा, पाण्याचं तुम्ही विचारलंय त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहूलोय. ते हिरवं पाणी परड्याला सोनं आहे, बिनधास्त घाला. फक्त मिरचीची रोपं कोवळी असतील तर बुंध्याला घाला, पानावर नको, आणि संध्याकाळी घाला. दोडका, भोपळा, केळ, अळू यांना तर हवं तेवढं. पाऊस लागायच्या आत होंडा उपसून तळ उघडा पाडता आला तर अजून चांगलं. तळ उन्हात भेगा पडेपर्यंत वाळू द्यायचा, वरचा काळा गाळ पाट्यांनी काढून भाताच्या खाचरात पसरायचा आणि तळाला चुना मारायचा. पुढच्या वर्षीचा वास निम्मा तिथंच कमी होतो. आमच्या काळ्या जमिनीत भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतो, त्या रानात गाळ टाकलेला तुकडा लांबून ओळखू येतो एवढा फरक पडतो.

माशाची आतडी, डोकी, खवलं टाकू नका. जेवढं वजन तेवढाच गूळ घालून प्लॅस्टिकच्या बरणीत भरायचं, झाकण थोडं सैल, सावलीत तीन चार आठवडे. गाळून लिटरभर पाण्यात चहाचा अर्धा चमचा, मिरचीवर फवारायचं. गूळ आपल्याकडं गुऱ्हाळावर मिळतो तो काळपट स्वस्तातला चालतो. नुसतं पुरणार असाल तर हातभर खोल पुरा, नाहीतर कुत्री रातोरात झाड उपटून काढतात.

मलप्रभाकाठ

अजून एक राहिलं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडं पाऊस कसला असतो तुम्हाला माहीत आहे, होंडा पहिल्या पंधरा दिवसात भरून वाहणार. सांडव्याला बारीक जाळी आत्ताच बांधा, नाहीतर मासे ओढ्यात जाणार. आणि चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, कुणी फुकट दिली तरी सोडू नका, ती होंड्यातच पिल्लं घालत सुटते, बाकीच्यांचं खाणं खाते आणि एकदा ओढ्याला लागली की मग तिला कोण आवरणार. रोहू कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून दरवर्षी बी, म्हणजे पिल्लं, विकतच आणावं लागतं.

आईंच्या मळयांचं वाचून वाईट वाटलं. चढणीचा मासा वर येतो तो अंडी घालायलाच, खाचरात, उथळ पाण्यात. पोटात गाभोळी भरलेली असते. पूर्वी बुट्टी लावून घरापुरते धरायचे, चार सुटायचे. आता ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणीचं जाळं आडवं, काही जण तर ब्लीचिंग पावडर टाकतात, करंट सोडतात, बोटाएवढं पिल्लू पण उरत नाही. आमच्या वाडीत आम्ही चार घरांनी मिळून पाच वर्षांमागं ठरवलं, मिरगाच्या पहिल्या पुरात आमच्या ओढ्यात कुणी काही लावायचं नाही, आडवं जाळं दिसलं तर काढून घरी नेऊन द्यायचं, भांडायचं नाही. पहिल्या वर्षी बोलाचाली झालीच. गेल्या दोन पावसाळ्यात खवळे परत दिसायला लागलेत, फार नाहीत पण आहेत. तुमच्या ओढ्याला वरच्या अंगाला अजून थोडे मासे असतील तर तुम्हीही बघा.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहूलोय, शेतात पेरणीची घाई होती.

बुधवारी दहा मासे टाकीत सोडले, एक पहिल्या रात्रीच मेला, नऊ राहिले. अक्का, तुम्ही सांगितलं तसंच केलं, आईनं ताकाऐवजी कैरी घेतली कारण झाडाखाली पडलेल्या होत्याच, आणि तिरफळं मामाकडून आणली. सकाळी दहाला कालवण उतरवलं, दीड वाजता जेवलो. वास अगदी शून्य नाही, माझ्या जिभेला शेवटी किंचित लागला, पण पोरांनी काही म्हटलं नाही आणि कटल्याचं डोकं बहिणीनंच संपवलं. आईनं भाताबरोबर दोन तुकडे खाल्ले. मग पातेल्यात डोकावून विचारलं, रस्सा अजून आहे का. राहिलेले तीन मासे टाकीतच ठेवलेत, ते परवा बारा दिवसांचे होतील, त्यातला एक ती नारळाचा करणार म्हणतेय, बघूया.

शेण बंद केलंय. गाळ मात्र काढता आला नाही, वळीव दोनदा जोरात पडला आणि पाणी परत चढलं, ते आता पुढच्या उन्हाळ्यात. मलप्रभाकाठ दादा, ओढ्याचं मी आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच वरच्या आळीतल्या दोन घरांना निरोप पाठवला, शनिवारी आमच्या अंगणात बसायचं ठरलंय. तुम्ही पहिल्या वर्षी लोकांना नेमकं काय सांगितलं होतं आणि जाळी परत द्यायला कोण गेलं होतं, ते जरा सविस्तर लिहाल का? आणि सांडव्याच्या जाळीचं भोक केवढं ठेवू, पालापाचोळा अडकून बांध फुटायची भीती वाटते.