कळवणे आणि न कळवणे

हवाई दलात वैमानिक असलेल्या मुलाने प्रत्येक उड्डाणानंतर घरी कळवावे, अशी अपेक्षा एका पालकांनी मांडली आहे; ती मला समजते. पण माझ्या अनुभवात ती टिकत नाही. आमचा मुलगा हैदराबादजवळील दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत पिलाटस या प्राथमिक प्रशिक्षण विमानावर सुरुवात करून पुढे हॉक विमानावरील प्रशिक्षणासाठी बीदरला आला, तेव्हा बीदर आमच्या सोलापूरपासून फार लांब नाही म्हणून मी निर्धास्त होतो. अंतर घटल्याने काळजी घटत नाही, हे त्याच्या आईने माझ्याआधी ओळखले. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये, बालाकोटच्या कारवाईनंतर, त्याचा फोन चार दिवस लागला नाही. शेजारीपाजारी विचारपूस करीत होते आणि दूरचित्रवाणीवरील निवेदक नकाशावर बाण काढीत होते (तो आवाज आम्ही शेवटी बंदच केला). नंतर त्याने सांगितले की, अशा वेळी फोन बंद ठेवणे हा शिस्तीचाच भाग असतो. तेव्हापासून कोठे आहेस, काय उडवतोस, हे आम्ही विचारत नाही. शेंगाचटणी संपली का, एवढेच विचारतो, आणि त्याच्या उत्तराच्या सुरावरून बाकीचे ताडतो.