आजोबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ: किंमत कशी काढायची?

नातू: आजोबांच्या पेटीत चावीचं चांदीचं घड्याळ निघालं. मागच्या झाकणाच्या आत सिंह, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर असे ठसे आहेत. तबकडी पांढरी, सहाच्या आकड्याजवळ केसाएवढी चीर. चावी हरवलीय. विकायचं नाही, पण भावंडांत वाटणी आहे, म्हणून रास्त आकडा हवा. चांदी काळी पडलीय, आधी पॉलिश करून घेऊ का?

भिंगवाला: पॉलिशला हात लावू नका! माझ्या पहिल्या घड्याळाचे ठसे मी असेच घासून घालवले, ते आजही सलतं. चालता सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग. नांगर बर्मिंगहॅमच्या चांदी तपासणाऱ्या कचेरीचा. अक्षरावरून वर्ष कळतं, पण तीच अक्षरं पंचवीसेक वर्षांनी फिरून येतात. म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार, दोन्ही बर्मिंगहॅमच्या वर्ष-अक्षरांच्या तक्त्याशी जुळवा. हे वर्ष डबीचं, म्हणजे बाहेरच्या चांदीच्या कवचाचं, यंत्राचं नव्हे. इंग्लिश घड्याळांत यंत्रावरचा नंबर बहुतेकदा डबीतही असतो. तो जुळला तर जोडी मूळची, आणि किमतीत त्याला फार वजन आहे.

यंत्रात सायकलच्या चेनसारखी इवलीशी साखळी शंकूवर गुंडाळलेली दिसते का? तो शंकू म्हणजे फ्यूझी. स्प्रिंग सैल होत जाते तसं तिचं बळ घटतं, ती तूट हा शंकू भरून काढतो. चावी नवी मिळते, फक्त चौकोनी खुंटीचं माप घ्या. पण तेल सुकलेलं असणार, सफाईआधी चावी देऊ नका.

तबकडी: चिरेमुळे किंमत थोडी उतरते, पण तबकडी बदललीत तर जास्त उतरेल. यंत्र आणि काच काढून डबीचं वजन करा. चांदीची मोड किती होते ते कळेल, त्याखाली कुणी मागितलं तर देऊ नका. पुढचा आकडा लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच घड्याळांवरून काढा, विक्रेत्यांनी मागितलेल्या किमतींवरून नाही. विम्यासाठीचं मूल्यांकन चढं असतं, वाटणीत ते धरू नका.

नातू: पॉलिश रद्द. भिंगातून पाहिलं, नंबर दोन्हीकडे एकच! झाकणाच्या आत सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरंही आहेत, चार ठिकाणी. ती काय?

भिंगवाला: दुरुस्ती करणाऱ्यांच्या खुणा. म्हणजे ते निदान चारदा उघडून सांभाळलंय. त्या पुसू देऊ नका.