माध्यमिकच्या शिक्षकालाच विशेष शिक्षक करायचं म्हणे!

गणितवाला
परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की तालुक्याच्या ठिकाणी विशेष शिक्षक मिळत नाहीत, तेव्हा माध्यमिकच्या बीएड शिक्षकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स द्या आणि दिव्यांग मुलांचं कामही त्यांच्याकडेच सोपवा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तशी सोय आहेच, संचमान्यतेत (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचा प्रश्न सुटेल आणि सरकारचा पैसाही वाचेल. खाली सगळे माना डोलावत होते. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा धागा.

मी अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो. वर्गात साठच्या वर मुलं आहेत. धोरणात विषयशिक्षकांनी विशेष शिक्षणाचा जोडअभ्यास करावा असं आहे, मान्य. पण विशेष शिक्षकांची पदं भरू नका, असं त्यात कुठे लिहिलंय? विशेष बीएड दोन वर्षांचं असतं, त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते. तेसुद्धा एकाच अपंगत्वाचं. श्रवणदोषात शिकलेल्या माणसाला बौद्धिक अक्षमतेचं शिकवणं आपोआप येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. ब्रेल, सांकेतिक भाषा, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी हे सगळं मी सहा महिन्यांत, तेही दिवाळीच्या नि उन्हाळ्याच्या सुटीत, शिकायचं? यात नुकसान त्या मुलांचं आहे. कागदावर शिक्षक दिसेल आणि पद कायमचं बुडेल.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये विशेष शिक्षकांची पदं ठरवायला सांगितलं. केंद्राने 2022 मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक असं प्रमाण काढलं. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा दटावावं लागलं. एवढं होऊन आपण स्वतःहून म्हणायचं, राहू द्या, आम्हीच करतो?

कृष्णाकाठ
सर, तुमचा संताप वाचला. आता पालकाचा ऐका. माझा मुलगा नववीत आहे, दोन्ही कानांना यंत्र. विशेष शिक्षिका येतात तेव्हा येतात, त्यांच्याकडे शाळांची यादी मोठी. उरलेले सगळे दिवस, सगळे तास तो तुमच्यासारख्या शिक्षकांसमोर बसतो. तो ओठ बघून निम्मं समजून घेतो. आणि त्याचे सर फळ्याकडे तोंड करून, लिहिता लिहिता बोलतात. मी दोनदा जाऊन सांगितलं. ‘तुमच्या एकट्याच्या मुलासाठी वर्ग थांबवू का?’ हे उत्तर मिळालं. आधी लिहा, मग वळा, मग बोला. याला दोन वर्षांचं बीएड लागतं का? पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते का?

आणि 2021 च्या ज्या निकालाचा दाखला तुम्ही देताय, त्यातच सर्वसाधारण शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना सक्तीचं प्रशिक्षण द्या असंही म्हटलंय. तेवढं बरं गाळलंत.

माजी मुख्याध्यापक
प्रशिक्षणाचं नाव काढू नका हो. 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल विसरलात का? आठवीपर्यंत शिकवणारा, सेवेची पाच वर्षांहून जास्त उरलेली, तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा, नाहीतर घरी जा. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांनी! वर बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण आमच्या स्टाफरूममध्ये कसं झालं ते मी पाहिलंय. मोबाईलवर व्हिडिओ चालू आणि हातात तपासायच्या वह्या. सरकारच्या ‘दीक्षा’ पोर्टलवर शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’चे कोर्स झाले, त्यात समावेशित शिक्षणाचाही होता. प्रमाणपत्र सगळ्यांकडे आहे. वर्गात काय बदललं ते वरच्या ताईंनी सांगितलंच.

फिरती
मी तीच ‘येतात तेव्हा येतात’ वाली. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतली, शाळाशाळांत फिरणारी कंत्राटी विशेष शिक्षिका. अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर आयुष्य गेलं, त्यामुळे पदं भरा म्हणणाऱ्या गणितवाल्या सरांना माझा पूर्ण पाठिंबा. पण सर, तुम्ही गणिताचे आहात म्हणून एक सांगते.

माझा एक पूर्ण अंध विद्यार्थी आठवीपर्यंत गणितात चांगला होता. टेलर फ्रेमवर, म्हणजे अंध मुलांच्या गणिताच्या पाटीवर, त्याची बोटं बघत राहावी अशी चालायची. अष्टकोनी भोकात एकेक खिळा, धार कुठल्या दिशेला यावर अंक ठरतो, उलटा करून बसवला की दुसरी चिन्हं. नववीत भूमिती आली. सर फळ्यावर आकृती काढून म्हणायचे, ‘ही रेषा या रेषेला समांतर, म्हणून हा कोन आणि तो कोन सारखा.’ ही कुठली, हा कुठला? मी आठवड्यातून एक तास जायचे, तेवढ्यात रबरशीटवर आकृती उठवून द्यायचे. पण सात तासांची भूमिती मी एका तासात कशी शिकवू? मला भूमिती तरी कितीशी येते? माझी पदवी मराठीची. सरांनी फक्त ‘रेषा कख ही रेषा गघ ला समांतर’ असं नाव घेऊन बोलायला हवं होतं. दहावीला तो गणितात कसाबसा पास झाला.

माध्यमिकला अडचण इथेच आहे. प्राथमिकमध्ये विशेष शिक्षिका सगळं सांभाळून नेते. नववीला विषय तुमचा, पद्धत माझी. एकाचं काम दुसऱ्याने करून चालत नाही.

दादरकर
विषय निघालाच आहे तर बोलतो. मी दहावीच्या केंद्रावर अनेक वर्षं काम केलंय. अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असून वाचन, लेखन, गणित जमत नाही त्याची) प्रमाणपत्रं नामांकित इंग्रजी शाळांतून जास्त येतात. आठवीपर्यंत कुणालाच काही नसतं आणि नववीच्या शेवटी अचानक सापडतं. त्यावर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा, लेखनिक, कॅल्क्युलेटर. मग ज्याला खरंच गरज आहे त्याच्याकडेही लोक संशयाने बघतात. उद्या माध्यमिकच्या शिक्षकांना ओळखण्याचं प्रशिक्षण दिलंत तर हा बाजार दुप्पट होईल.

मधली सुट्टी
दादरकर, ‘अचानक सापडतं’ म्हणजे काय? माझ्या मुलीचं सातवीत सापडलं, कारण तोवर प्रत्येक शिक्षिका ‘आळशी आहे’ एवढंच लिहीत होती. महापालिकेच्या रुग्णालयात तारीख मिळायला महिने गेले. बालरोग, मानसोपचार, बुद्ध्यंक, शैक्षणिक चाचणी, प्रत्येक वेळी रजा काढून रांगेत. हा बाजार वाटतो तुम्हाला? केंद्रावर लेखनिक म्हणून खालच्या इयत्तेतली घाबरलेली मुलगी दिली होती, तिला ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहिता येईना. माझी लेक परीक्षेत उत्तर द्यायचं सोडून तिला शुद्धलेखन सांगत बसली. ही तुमची सवलत!

दादरकर
मी तुमच्या मुलीबद्दल बोललो नाही. खोट्यांबद्दल बोललो. खोटी नसतातच असं म्हणायचंय का?

मधली सुट्टी
असतील. काही असतील. पण दर वेळी पहिलं वाक्य खोट्यांबद्दलच का? रांगेतल्या आयांची तोंडं एकदा बघून या आणि मग लिहा.

माळरान
मुंबईकरांचं भांडण वाचून जीव थकला. मी बीड जिल्ह्यातल्या हायस्कूलला मराठी शिकवतो. आमच्याकडे खोटं प्रमाणपत्र सोडा, खरंही नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरातली पोरं दिवाळीनंतर गायब, उन्हाळ्याच्या तोंडावर परत. नववीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नाही. तो अध्ययन अक्षम, की त्याची शाळाच झाली नाही? मला कळत नाही, आणि सांगणारं कुणी नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सियाची ‘डाली’ चाचणी मराठीत काढली, पण ती पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी. माझं पोर चौदा वर्षांचं आहे. 1995 च्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच, 2016 च्या कायद्याने ती यादीत आणली. आमच्या गावात ती अजून पोचलेली नाही.

गणितवाले सर, म्हणून मला प्रशिक्षण हवंय. पद भरलं जाईल तेव्हा जाईल. तोवर त्या पोरासमोर मीच आहे.

गणितवाला
सगळं वाचलं. कृष्णाकाठ ताई, निकालातला तो भाग आहे, नाकारत नाही. पण त्याच निकालात आधी पदं आहेत, आणि ती भरेपर्यंत फिरत्या शिक्षकांची सोय. प्रशिक्षण हा पदाला पर्याय म्हणून तिथे आलेला नाही. माझा विरोध शिकायला नाही. ‘अतिरिक्तांना लावा, पैसा वाचवा’ या हिशेबाला आहे. एकदा माझ्या सेवापुस्तकात ‘विशेष शिक्षणाचं प्रमाणपत्र’ अशी नोंद पडली की उद्या शिक्षणाधिकारी कार्यालय म्हणेल, तुमच्या शाळेत आहे की विशेष शिक्षक, मग फिरती मॅडमना कशाला पाठवू? त्यांचंही काम जाईल, माझे तासही कमी होणार नाहीत. हे होणार नाही याची लेखी हमी कोण देतंय?

नाव घेऊन भूमिती शिकवायची, हे मात्र पटलं. उद्यापासून करतो. त्याला जीआर लागत नाही.

कृष्णाकाठ
हमी मिळेपर्यंत फळ्याकडे तोंड करूनच बोलणार का बाकीचे? तुमची भीती खरी असेल, पण तिची किंमत माझा मुलगा रोज भरतोय.

माजी मुख्याध्यापक
ताई, सर चूक बोलत नाहीत. माझ्या काळात संगणकाचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला शाळेची सगळी ऑनलाइन माहिती भरायला बसवलं, ते आजतागायत. ज्याला येतं त्याच्याच गळ्यात पडतं.

फिरती
हमी मी देऊ शकत नाही, माझीच नेमणूक पुढच्या वर्षी असेल की नाही ठाऊक नाही. पण सुटीतल्या शिबिराने काही होत नाही, हे इथे सगळ्यांना मान्य दिसतंय. मला विचाराल तर प्रशिक्षण वर्गातच व्हावं. मी मागच्या बाकावर बसते, सर शिकवतात, नंतर पंधरा मिनिटं आम्ही दोघं बोलतो. एका शाळेत मुख्याध्यापिकेने वेळापत्रकात तशी जागा काढून दिली होती. विज्ञानाचे सर आधी तोंड वाकडं करायचे, दिवाळीनंतर स्वतःहून विचारायला लागले की प्रयोगाची कृती मोठ्या अक्षरात किती पॉइंटला छापू. यात कुणाचं पद बुडत नाही. फक्त मला एकाच शाळेत सलग जाता यायला हवं, आणि त्यासाठी आमची संख्या वाढायला हवी. म्हणजे शेवटी सरांच्याच मागणीशी आले.

माळरान सर, तुमच्या त्या पोराचं दुसरी-तिसरीतलं हजेरीपत्रक काढा. वर्षानुवर्षं चार-चार महिने गैरहजर असेल तर आधी वाचनाचा सराव द्या, तीन महिन्यांत फरक दिसतो का बघा. नियमित येऊनही अक्षरं उलटसुलट होत असतील तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात नाव कळवा, जिल्हा रुग्णालयाकडे पाठवायला सांगा. आणि दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, त्याला वेळ लागतो. पोर नववीत आहे, तेव्हा कागद आत्ताच सुरू करा.

माळरान
उद्या हजेरीपत्रक काढतो. जुनी दप्तरं केंद्रशाळेत आहेत, जाऊन बघावं लागेल.