विषय: आईबाबांना फिश अँड चिप्स कुठे खायला न्यावं?

प्रेषक: हेडिंग्ली, लीड्स

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये माझे आईबाबा मालवणहून तीन आठवड्यांसाठी येताहेत. दोघांनाही इकडचं फिश अँड चिप्स खायचंच आहे, फोनवर दर वेळी आठवण करून देतात. अडचण एकच, आमच्याकडे बीफ चालत नाही.

मागच्या वर्षी सासूबाई आल्या होत्या तेव्हा समुद्रकाठच्या एका कॅफेत मी आधी विचारलं होतं, "यात मांस नाही ना?" तिथली मुलगी म्हणाली, "नाही, फक्त मासा." अर्धा मासा खाऊन झाला आणि भिंतीवरच्या पाटीकडे माझं लक्ष गेलं. आम्ही अस्सल बीफ ड्रिपिंगमध्येच तळतो, असं मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. ड्रिपिंग म्हणजे गोमांसाची वितळवलेली चरबी. सासूबाईंनी काटा हळूच खाली ठेवला. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, पण परत येताना गाडीत कुणीच बोललं नाही. ते अजून मनातून जात नाही.

लीड्स, ब्रॅडफर्ड, व्हिटबी, स्कारबरो, कुठेही चालेल. साधं दुकान असू दे, फक्त बसायची सोय हवी. बाबांचे गुडघे दुखतात.

---

प्रेषक: शिपली

अगं, तू विचारलंस ते बरोबरच, पण मोघम विचारलंस. त्या मुलीच्या लेखी ड्रिपिंग म्हणजे मांस नव्हेच. आपल्याकडे तेल तसं तिच्याकडे ते. मी शिकत असताना तीन वर्षं संध्याकाळी एका चिपीत, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानात, काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काउंटरवर सरळ विचारायचं, "व्हॉट डू यू फ्राय इन?" एवढंच. आपल्या या यॉर्कशायर परगण्यात बीफ ड्रिपिंगची परंपरा जुनी आहे आणि इथल्या लोकांना ती चव हवी असते. इंग्लंडच्या दक्षिणेत बहुतेक ठिकाणी तेल असतं. नुसतं बघून कळेल असं समजू नकोस, कारण पाम तेलही पांढऱ्या घट्ट ठोकळ्यांतच येतं. ॲलर्जीच्या तक्त्यावरही विसंबू नकोस. कायद्याने ज्या १४ गोष्टी सांगाव्याच लागतात, त्यांत मासा आहे, मोहरी आहे, तीळ आहेत, बीफ नाही. आणि चिप्स विसरू नकोस. मासा तेलात आणि चिप्स ड्रिपिंगमध्ये, असंही एखाद्या ठिकाणी असू शकतं. दोन्हींचं वेगवेगळं विचार.

आता चांगली चिपी कशी ओळखायची. आत गेल्यावर आधी रेंजच्या, म्हणजे तळायच्या मोठ्या शेगडीच्या, वरच्या काचेच्या कपाटात बघ. तिथे पाचसहा मासे तळून ठेवलेले असतील आणि दुकानात गिऱ्हाईक नसेल, तर सरळ बाहेर ये. पिठाचं आवरण वाफेने आतून ओलं होतं, मग हॅडॉक (इथला पांढऱ्या मांसाचा समुद्री मासा) कितीही चांगला असला तरी फुकट. "आत्ता तळून द्याल का?" म्हणून विचार. चांगला दुकानदार आनंदाने म्हणतो, पाचसात मिनिटं थांबा. ती मिनिटं थांबण्यासारखी असतात. पीठ पातळ आणि थंडगार लागतं. मासा एका टोकाला धरून तेलात क्षणभर हेलकावायचा आणि मग सोडायचा, म्हणजे पीठ धरतं आणि मासा तळाशी चिकटत नाही. हे पहिल्या आठवड्यात मला मालकाने हात धरून शिकवलं होतं.

आपल्या भागात हॅडॉक मागायचा, आणि तो साल काढूनच मिळतो. "ताजा आहे का" असं विचारून काही हाती लागणार नाही. पुष्कळ उत्तम चिप्यांत उत्तरेकडच्या समुद्रात बोटीवरच काही तासांत गोठवलेला मासा येतो. बंदरात चारपाच दिवस बर्फात पडलेल्यापेक्षा तो केव्हाही सरस.

चिप्स जाड असतात, कुरकुरीत नसतात. बाबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर कच्चे राहिले म्हणतील. आणि "स्क्रॅप्स" माग. तेलात गळलेल्या पिठाचे कण असतात ते, अगदी आपल्या वडापावच्या गाडीवरचा चुरा.

व्हिटबीला बंदरावर बसून खाणार असाल तर सीगल पक्ष्यांपासून सांभाळा. हातातला मासा नेतात.

---

प्रेषक: ब्रॅडफर्ड

शिपलीच्या काकांनी सगळं लिहिलंच आहे, एकच भर. आमच्या घरी मी सोडून सगळे शाकाहारी. दुकानात तेल वापरतात म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण त्याच कढईत आधी मासा तळलेला असतो. चिप्सची कढई वेगळी आहे का, हे शाकाहाऱ्यांनी विचारलंच पाहिजे. ब्रॅडफर्डमध्ये हलाल चिप्या बऱ्याच आहेत आणि मी गेले त्या ठिकाणी तेलच होतं, तरी विचारून घ्या. मशी पीज आमच्या सासऱ्यांना फार आवडले. वाळलेले मोठे वाटाणे रात्रभर सोडा घालून भिजवतात आणि मग मऊ शिजवतात. वर घरचा गरम मसाला भुरभुरला की आणखी काही लागत नाही.

---

प्रेषक: हेडिंग्ली, लीड्स

मंडळी, मनापासून आभार. आईबाबा काल परत गेले, म्हणून आज लिहायला बसले.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी पाच ठिकाणी फोन केले. तीन ठिकाणी ड्रिपिंग, एकाने फोनच उचलला नाही, आणि पाचवा म्हणाला, "व्हेजिटेबल ऑइल, लव्ह, दोन्हीला." घरापासून बसने वीस मिनिटं. आत चार टेबलं, भिंतीला फिकट निळ्या टाइल्स.

त्याआधी बाबांना लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये माशांच्या गाळ्यांवर नेलं होतं. अख्खा हॅडॉक त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. कल्ल्यामागे खांद्यावर अंगठा टेकवल्यासारखा काळा ठिपका असतो, त्यावर बोट ठेवून बराच वेळ उभे होते. त्यामुळे दुकानात बशी समोर आल्यावर आधी कोपऱ्यातलं आवरण उचकटून आत बघितलं. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या सुटून आल्या, वाफ निघाली. आईने मीठ घातलं, व्हिनेगर थोडंच घातलं, पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "मासो गोड आसा." यापुढे काय विचारायचं! बाबांनी तिखट मागितलं नाही. स्क्रॅप्स मात्र दोनदा मागून घेतले.

तिथे आम्ही तीन आठवड्यांत चार वेळा गेलो. शेवटच्या वेळी आई स्वतःच काउंटरवर जाऊन मालकाला विचारून आली, आजही तेलच ना, म्हणून.

दुकानाचा पत्ता हवा असेल त्यांनी मला वेगळी मेल करा. रविवारी आणि सोमवारी बंद असतं, दुपारी दोन ते साडेचारही. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर सहाच्या आत पोचा. नंतर रांग दाराबाहेर जाते आणि टेबल मिळत नाही.