मदत हवी आहे: अनारसे तुपात हसतायत (म्हणजे विरघळतायत)

नमस्कार मंडळी, वसुबारस चार दिवसांवर आलीये आणि माझे अनारसे काही केल्या जमत नाहीयेत. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पंचावर सावलीत पसरून जरा दमट असतानाच मिक्सरला काढले, बारीक चाळणीने चाळले आणि अर्धा किलो पिठाला तेवढाच किसलेला गूळ घालून गोळे पाच दिवस डब्यात ठेवले, अगदी सासूबाई करायच्या तसंच. पण काल खसखशीवर थापून सोडला की कडेने बुडबुडे येऊन पार विरघळतोय, झाऱ्यावर नुसता चुरा. गॅस मंद केला तरी तेच. यंदा गूळ मंडईतून आणलाय, तो हाताला फारच मऊ आणि चिकट लागतोय, त्यामुळे होत असेल का? शेजारच्या काकू म्हणतात तांदळाची पिठी अजून घाल, पण मग परत किती दिवस मुरवायचं? सासूबाई गेल्यानंतरची ही दुसरी दिवाळी, सासऱ्यांच्या ताटात जाळीदार अनारसा पडावा असं फार वाटतंय. कोथरूडच्या आसपास कोणी पीठ बघून सांगणार असेल तर डबा घेऊन लगेच येते, प्लीज सांगा.